चराईचा हक्क आणि राखणाऱ्याचे घर



आजच्या व्याख्यानाचा विषय छापून आला तेव्हा आमचे एक स्नेही आम्हांला म्हणाले, "अहो, वैशाखाच्या संध्याकाळी लोक जरा गार वाऱ्याला म्हणून इथे येऊन बसतात, त्यांना तुम्ही विलायतेतल्या गुराख्यांच्या घरांची चौकशी ऐकवणार?" त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही. विषय लांबचा आहे. परंतु काही प्रश्न असे असतात की ते आपल्या अंगणात उभे राहिले म्हणजे धुरळा फार उडतो आणि नीट दिसत नाही. तेच दुसऱ्याच्या अंगणात पाहिले की स्वच्छ दिसतात. आजचा प्रश्न त्या जातीचा आहे.

तो प्रश्न असा: एखादे रान सामाईक राहिले, त्यात जनावरे चारण्याचा हक्क कायद्याने शाबूत राहिला, तो हक्क राखायला न्यायसभाही राहिली, आणि एवढे सगळे राहूनही हक्क बजावणारा माणूसच नाहीसा होऊ लागला, तर त्या हक्काची किंमत काय? आणि माणूस नाहीसा का होतो, तर त्याला राहायला घर परवडत नाही, एवढ्याच साध्या कारणाने!

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, साउदॅम्प्टन बंदराच्या पश्चिमेस, 'न्यू फॉरेस्ट' नावाचा प्रदेश आहे. नावाचा अर्थ 'नवे रान'. पण हे 'नवे' साडेनऊशे वर्षांचे जुने आहे. नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने 1079 च्या सुमारास हा मुलूख आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला. पुढे 1100 साली त्याचाच मुलगा, गादीवर असलेला दुसरा विल्यम, याच रानात शिकार करताना बाण लागून मेला. 'फॉरेस्ट' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य येते. त्या काळी त्या शब्दाचा अर्थ निराळा होता. राजाचा शिकारीचा कायदा जिथे चालतो तो मुलूख म्हणजे फॉरेस्ट. मग तिथे झाडी असो, माळ असो की दलदल असो. न्यू फॉरेस्टमध्ये आजही हे तिन्ही आहे. ओक आणि बीच यांची जुनी झाडी आहे, मैलोगणती उघडा माळ आहे, पाणथळ आहे, आणि मधून मधून जनावरांनी कुरतडून कुरतडून गालिच्यासारखी केलेली हिरवळ आहे.

राजाने रान राखले, पण रानात माणसे होतीच. शिकारीच्या कायद्याने त्यांच्यावर बंधने आली. हरणांच्या वाटेत कुंपण घालायचे नाही, हरणाला हात लावायचा नाही. शेतकऱ्याने कुंपण घालायचे नाही म्हटल्यावर त्याने जनावरे कुठे चारावी? ती त्याने उघड्या रानात सोडावी, अशी वहिवाट पडली. 1217 साली, तिसऱ्या हेन्रीच्या नावाने, रानांविषयीची एक सनद निघाली आणि रानात राहणाऱ्या सामान्य माणसाच्या अशा वहिवाटींना राजमान्यता मिळाली. मॅग्ना कार्टाचे नाव आपण शाळेत घोकलेले असते. तिची ही धाकटी बहीण मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. मोठ्या सनदेत सरदारांचे हक्क प्रामुख्याने होते. धाकटीत सरपण, चराई आणि डुकरे होती. गरिबाच्या दृष्टीने कोणती थोर, हे आपणच ठरवावे.

या वहिवाटी आजही चालू आहेत. ज्यांना हा हक्क आहे त्यांना तिकडे 'कॉमनर' म्हणतात. सामाईक रानाचे हक्कदार, असे आपण म्हणू. त्यांचा मुख्य हक्क चराईचा. तट्टे, गाई, गाढवे रानात सोडायची. दुसरा हक्क शरद ऋतूत डुकरे सोडण्याचा. ओकची फळे खाली पडली की ती कच्ची फळे तट्टांना आणि गाईंना बाधतात, विषारी ठरतात; डुकरे ती आनंदाने खातात आणि रान साफ होते. म्हणजे एकाचे विष ते दुसऱ्याचे पक्वान्न! तिसरा हक्क सरपणाचा. शिवाय दलदलीतले जळाऊ पीट काढण्याचा आणि शेतासाठी चुनखडीची माती नेण्याचा हक्कही नोंदलेला आहे. तो आता नावापुरता उरला आहे.

या सगळ्या व्यवस्थेवर देखरेख करणारी एक सभा आहे. तिचे नाव 'व्हर्डरर्स कोर्ट'. लिंडहर्स्ट या गावी ती भरते. तिचे सभासद दहा. त्यांपैकी पाच कॉमनरांनी निवडून दिलेले आणि पाच सरकार व निरनिराळ्या सरकारी संस्था यांनी नेमलेले. सभेच्या दिवशी कोणीही साधा माणूस उभा राहून रानाविषयीचे आपले गाऱ्हाणे मांडू शकतो. सभेच्या हाताखाली पाच 'ॲजिस्टर' आहेत. हे घोड्यावर बसून, आणि आता मोटारीतूनही, रानभर फिरतात. कोणाचे जनावर आजारी आहे, कोणते खंगले आहे, कोणते चिखलात रुतले आहे, हे पाहणे त्यांचे काम. प्रत्येक तट्टावर मालकाचा डाग असतो. वर्षाची पट्टी भरली की ॲजिस्टर त्या तट्टाची शेपटी आपल्या हद्दीच्या ठरलेल्या पद्धतीने कातरतो. शेपटी पाहावी आणि ओळखावे, की हे जनावर अमक्या ॲजिस्टरच्या हद्दीतले आणि याची पट्टी भरलेली आहे. शेपटीवरची ही पावती कुठे हरवत नाही, कुणाला खोटी करता येत नाही!

आता एक बारकावा आपण नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. हा हक्क माणसाच्या रक्ताला चिकटलेला नाही. 'माझे आजोबा कॉमनर होते, म्हणून मी कॉमनर', असे तिथे म्हणता येत नाही. हक्क चिकटलेला आहे तो जमिनीला. ठरावीक घरांना आणि ठरावीक वावरांना. त्या घरात किंवा त्या वावरावर ज्याची वहिवाट असेल, मग तो मालक असो की भाडेकरू, त्याने तो हक्क बजावावा. ज्या काळी माणूस जन्मला त्याच घरात मरत असे, त्या काळी या दोन गोष्टींत काही फरक नव्हता. घर म्हणजेच घराणे होते. पण घराला बाजार आला, आणि घर एकीकडे व घराणे दुसरीकडे अशी फारकत झाली. हक्क मात्र घराबरोबर गेला.

या रानावर पहिले संकट आले ते कुंपणाचे. 1698 साली पार्लमेंटने कायदा करून आरमाराच्या ओकसाठी 6,000 एकर रान कुंपणात घेण्याची परवानगी दिली. 1851 साली दुसरा कायदा झाला. त्यात राजसत्तेने आपली हरणे काढून घ्यायची आणि त्या बदल्यात आणखी 10,000 एकरांवर कुंपण घालून झाडे लावायची, असे ठरले. हरणे गेली तर कॉमनरांना बरेच, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु कुंपणासाठी उत्तमोत्तम चराईची जमीन निवडली जाऊ लागली, तेव्हा लोक जागे झाले. त्या लढ्यात त्यांच्या बाजूने पार्लमेंटमध्ये जो आवाज उठला, तो आपल्या ओळखीचा आहे, श्रोतेहो! तो हेन्री फॉसेट यांचा.

फॉसेट हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, 1858 साली, शिकारीत चुकून उडालेल्या छऱ्यांनी त्यांचे दोन्ही डोळे गेले. त्या आंधळ्या माणसाने हिंदुस्थानच्या जमाखर्चात असे काही बारीक लक्ष घातले की विलायतेत त्यांना 'हिंदुस्थानचे प्रतिनिधी' असेच म्हणू लागले. 1874 साली ते निवडणुकीत पडले, तेव्हा त्यांच्या पुढच्या निवडणुकीच्या खर्चासाठी इकडून, गरीब हिंदुस्थानातून, वर्गणी गेली. आपल्या पणजोबांच्या पिढीला हे नाव घरातल्यासारखे होते. त्याच फॉसेट यांनी 1871 साली पार्लमेंटमध्ये ठराव आणून न्यू फॉरेस्टमधली नवी कुंपणे आणि जुन्या शोभिवंत झाडांची तोड थांबवली. पुढे 1877 साली कायदा झाला, कुंपणांना आळा बसला, आणि व्हर्डरर्स कोर्टाची नव्याने घडण होऊन ते कॉमनरांच्या हक्कांचे राखणदार बनले. जो माणूस स्वतः ते रान पाहू शकत नव्हता, त्याने ते इतरांसाठी राखले. डोळस राज्यकर्त्यांना न दिसलेली गोष्ट त्याला दिसली: सामाईक जमीन गेली की गरिबाचा आधारच जातो.

इथे गोष्ट संपावी, नाही का? रान वाचले. 1909 साली कॉमनरांनी आपली संरक्षण-संघटना काढली. ती आजही काम करते. 2005 साली त्या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्र 566 चौरस किलोमीटर आहे. सुमारे 5,000 तट्टे आजही तिथे मोकळी फिरतात, आणि ती पाहायला दरवर्षी लाखो लोक जातात.

गोष्ट संपत नाही. कुंपणाने जे झाले नाही, ते सौंदर्याने होऊ घातले आहे.

रान सुंदर, हवा स्वच्छ, दारात तट्टू चरते आहे, आणि लंडन आगगाडीने दोन तासांच्या आत! मग पैसेवाल्या माणसाला तिथे घर का नको? निवृत्तीनंतर राहायला हवे, सुटीत यायला हवे, पाहुण्यांना भाड्याने द्यायला हवे. उलट पक्षी, उद्यान म्हटल्यावर तिथे नवी घरे बांधण्यास सक्त मर्यादा. तेही योग्यच, नाही तर रानाच्या जागी उपनगर उभे राहील. पण मागणी बेसुमार आणि घरे मोजकी, असे झाल्यावर भाव कुठे जाणार? इंग्लंडमधल्या राष्ट्रीय उद्यानांत घरांच्या किमती ज्या ठिकाणी सर्वांत चढ्या आहेत, त्यांत न्यू फॉरेस्टची गणना होते. नुसते घरच नव्हे. घरालगतची दोन-चार एकर कुरणेही हौशी घोडेस्वार आणि बागवेडे लोक वाटेल त्या भावाने घेतात.

आता कॉमनराची मिळकत पाहू. तट्टाचे शिंगरू विकून घर चालते अशी कुणाची कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. शिंगराला मिळणारी किंमत पुष्कळदा त्याच्यावरच्या खर्चाला पुरत नाही. आज जनावरे सोडणारे कॉमनर सातशेच्या आसपास आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे मोजकीच जनावरे आहेत. ते दिवसभर दुसरे काम करतात. कोणी गवंडी, कोणी सुतार, कोणी ट्रकचालक, कोणी शाळेत, कोणी कचेरीत. पहाटे आणि संध्याकाळी ते जनावरांकडे जातात. सरकारी अनुदानांचा काही आधार असतो; पण 2020 साली इंग्लंडमध्ये शेतीचा नवा कायदा झाला आणि क्षेत्रावर मिळणारी जुनी अनुदाने टप्प्याटप्प्याने बंद होत आली. अशा माणसाने, गवंड्याच्या रोजावर, लंडनच्या शेअरदलालाशी लिलावात बोली लावावी काय?

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण यातले काहीच अघटित नाही. समजा, एका खेड्यात एक म्हातारा कॉमनर होता. त्याचे लहानसे घर, मागे गोठा, शेजारी तीन एकर कुरण. त्याला मुले तीन. दोघांना जनावरांची आवड नाही. तिसरी मुलगी मात्र लहानपणापासून बापाबरोबर रानात हिंडलेली. कोणती घोडी कोणत्या ओढ्याला पाणी पिते, हे तिला ठाऊक. म्हातारा वारला. घर विकल्यावाचून तीन वाटे होत नाहीत. घर विकले गेले. घेणारा सज्जन आहे, निसर्गप्रेमी आहे. तो गोठा पाडून तिथे पाहुण्यांची खोली करतो आणि कुरणावर हिरवळ राखतो. चराईचा हक्क नोंदवहीत त्या घराच्या नावापुढे जसाच्या तसा आहे. पण तो सज्जन काही घोडी सोडणार नाही. आणि जिला सोडायची आहे, ती मुलगी वीस मैलांवर एका गावात दोन खोल्यांत राहते. म्हणजे हक्काला माणूस नाही, आणि माणसाला हक्क नाही. यात कायदा कुणी मोडला? कुणीच नाही. अन्याय कुणी केला? तेही सांगता येत नाही. कुंपण घालणारा सरदार निदान दिसत तरी होता. त्याच्याविरुद्ध फॉसेट यांना ठराव आणता आला. बाजारभावाविरुद्ध ठराव कसा आणावा?

कोणी म्हणेल, वीस मैल म्हणजे काय मोठेसे? मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाची वाट. श्रोतेहो, जनावर राखणे हे कचेरीतले काम नव्हे. रानातले रस्ते उघडे आहेत. वेगाची मर्यादा ताशी 40 मैल असूनही दरवर्षी जनावरे मोटारींखाली सापडतात, आणि ती बहुधा अंधारात. घोडी विते ती घड्याळ पाहून नव्हे. थंडीत खंगलेले जनावर रानातून घरी आणून त्याला वैरण घालावी लागते. हिवाळ्यात ठेवायला घराजवळ कुरण आणि गोठा नसेल, तर उन्हाळ्यातला चराईचा हक्क अर्धाच हक्क ठरतो. दर शरदात तट्टे हाकून एकत्र आणतात, त्याला तिकडे 'ड्रिफ्ट' म्हणतात. जनावरे तपासायची, शिंगरांना डाग द्यायचे, विकायची ती वेगळी काढायची. ते काम शेजारी-शेजारी मिळून घोड्यांवर बसून करतात. ज्याला रानातल्या पाऊलवाटा ठाऊक नाहीत त्याचे ते काम नव्हे, आणि त्या वाटा पुस्तकात वाचून कळत नाहीत.

आणि ही माणसे गेली तर? त्यांचे काय व्हायचे ते होईल, रान तरी राहील ना? हाच मोठा भ्रम आहे. ते रान आज जसे आहे तसे निसर्गाने एकट्याने केलेले नाही. ते जनावरांच्या दातांनी केलेले आहे. तट्टे गॉर्स नावाची काटेरी झुडपे हिवाळ्यात खातात, बर्चची कोवळी रोपे खुडतात, हिरवळ बोटभर ठेवतात. त्या आखूड हिरवळीत कॅमोमाइलसारख्या बुटक्या सुवासिक वनस्पती तग धरतात. चराई थांबली की झुडपे माजतात, माळ झाकला जातो, हिरवळ नाहीशी होते. ज्या देखाव्यासाठी पैसेवाल्याने घर घेतले, तो देखावा त्या घरातल्या जुन्या माणसाच्या घोड्या राखीत होत्या! फांदीवर बसून फांदी तोडणाऱ्याची गोष्ट आपण ऐकली आहे. इथे फांदी तोडणारा बसला आहे मोठ्या प्रेमाने, झाडाचे कौतुक करीत.

यावर तिकडच्या लोकांनी काय उपाय केला, हे सांगणे आता प्राप्त आहे. 1990 नंतरच्या दशकात तिथल्या स्थानिक कारभाऱ्यांनी कॉमनरांच्या घरांची एक योजना सुरू केली. पुढे उद्यान-प्राधिकरणाने ती चालू ठेवली. योजना साधी आहे. उघड्या रानाकाठी नवे घर बांधायला एरवी परवानगी नाही. पण जो खरोखर आणि पुष्कळ वर्षे जनावरे राखीत आला आहे, ज्याला दुसरे परवडणारे घर नाही, आणि ज्याच्याजवळ पुरेशी जमीन आहे, त्याला अपवाद म्हणून परवानगी द्यावी. घर बेताचे असावे; बंगला नव्हे. आणि एक करार लिहून द्यावा, की हे घर आणि ही जमीन एकमेकांपासून तोडून विकली जाणार नाही, आणि या घरात राहणारा जनावरे राखणाराच असेल. उद्या मालकाने घर विकले, तरी घेणाराही तसाच हवा. याखेरीज वनखात्याच्या ताब्यातली काही घरेही कॉमनरांना भाड्याने दिली जातात.

या योजनेतली युक्ती आपल्या लक्षात आली असेल. जुन्या काळी हक्क घराला बांधलेला होता, पण माणूस मोकळा होता. म्हणून बाजाराने माणूस बाहेर लोटला आणि हक्क रिकामा ठेवला. नव्या करारात घर कामाला बांधले. जो काम करील तो राहील. घराची किंमत आपोआप खाली येते, कारण शेअरदलालाला ते घेताच येत नाही. सरकारने तिजोरीतून पैसा ओतला नाही. मालक स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने घर बांधतो. सरकारने दिली ती परवानगी, आणि घेतला तो शब्द.

आम्ही या योजनेचे भाट नाही. तिच्यातले दोष झाकून तिची स्तुती करणे आपली फसवणूक होईल. पहिला दोष असा की, ज्याच्याजवळ जमीन आहे त्यालाच तिचा उपयोग. मघाच्या उदाहरणातल्या मुलीजवळ जमीनच नाही. तिला परवानगी घेऊन काय करायचे? कुरणाचा भाव उतरल्याशिवाय, किंवा कुणी कुरण भाड्याने दिल्याशिवाय, तिच्यापर्यंत ही योजना पोहोचत नाही. म्हणूनच लाभलेली घरे मोजकी आहेत. दुसरा दोष कर्जाचा. ज्या घराला गिऱ्हाईक थोडे, त्यावर कर्ज देताना पेढीवाला हात आखडतो. तिसरी अडचण म्हातारपणाची. तीस वर्षे जनावरे राखून कंबर मोडलेल्या माणसाला, 'आता तू घोडी सोडीत नाहीस, सबब घर खाली कर', असे म्हणायचे काय? तसे म्हणणे अमानुष होईल. न म्हणावे, तर घर अडकून पडते. आणि चौथी अडचण मनुष्यस्वभावाची: दोन तट्टे नावाला सोडायची आणि घर पदरात पाडून घ्यायचे, असा चतुर माणूस कुठे नसतो?

याहून कठीण आक्षेप आणखी एक आहे, आणि तो सद्भावनेचा आहे. त्याच खेड्यातली परिचारिका, शाळेतला मास्तर, दुकानातला नोकर यांनाही घर परवडत नाही. मग कॉमनरालाच ही खास वागणूक का? त्याची गरज मोठी आणि त्यांची लहान असे आहे काय?

आमचे उत्तर असे आहे. गरज सर्वांचीच सारखी खरी, आणि परिचारिकेसाठीही घरे हवीतच; पण ती गावात बांधता येतात. परिचारिका शेजारच्या शहरातून येऊन आपले काम चोख करू शकते, भले तिला त्याचा त्रास होवो. राखणाऱ्याला ते करताच येत नाही. त्याचे काम आणि त्याची वस्ती ही एकच वस्तू आहे. मासळी मारणाऱ्याला किनाऱ्यापासून दहा कोसांवर घर दिले तर ते घर होईल, पण तो कोळी राहणार नाही. म्हणून कॉमनराचे घर ही त्याच्यावरची मेहेरबानी समजू नये. ते त्याच्या कामाचे हत्यार आहे, आणि त्या कामाचे फळ लाखो लोक फुकट घेत आहेत. तट्टे पाहायला येणाऱ्या प्रवाशाला तिकीट नाही. ते तिकीट आजवर राखणाऱ्याने आपल्या पदरचे तोटे सोसून फाडले आहे.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाला मात्र सोपे उत्तर नाही. घरातले दुसरे कुणी जनावरे राखीत असेल तर त्याच्या पाठीवर घर चालावे, आणि म्हाताऱ्याने आपल्या अंथरुणावर शांतपणे डोळे मिटावे. एवढी सवलत ज्या नियमात नाही तो नियम टिकणार नाही, असे आम्हांस वाटते. चतुर माणसाला ओळखायला मात्र कायदेपंडित लागत नाही. कोण पहाटे रानात असतो आणि कोण नसतो, हे ॲजिस्टरला आणि शेजाऱ्यांना पक्के ठाऊक असते.

श्रोतेहो, आता आपल्या अंगणात येऊ. फार वेळ नाही, दोनच मिनिटे. आपल्याकडे गायरान हा शब्द सातबाऱ्यावर अजून आहे. गावाच्या सामाईक जमिनी वाचवाव्यात, त्यांवरील अतिक्रमणे दूर करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली एका निकालात सर्व राज्यांना बजावले. निकाल योग्यच आहे. परंतु आपल्याकडे पुष्कळ गावी चित्र न्यू फॉरेस्टच्या उलटे आहे. तिथे रान उरले आणि राखणाऱ्याला घर उरले नाही. इथे गायरानावर घरे उभी राहिली आणि चरायला रान उरले नाही. त्या घरांतही पुष्कळशी घरे अशा गरिबांची आहेत, ज्यांना दुसरीकडे कुठेच जागा मिळाली नाही. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे: जमिनीचा प्रश्न वेगळा धरला आणि घराचा प्रश्न वेगळा धरला. गायरान राखायचे असेल तर भूमिहीनाला दुसरीकडे घर दिले पाहिजे. आणि जो शेळ्यामेंढ्या घेऊन हिंडतो त्याला घर द्यायचे असेल, तर मेंढ्या कुठे बसवायच्या याचाही विचार त्याच कागदावर झाला पाहिजे. चार भिंती मिळाल्या आणि वाडग्याला जागा नाही, तर घर मिळूनही मेंढपाळ बेघर झाला, असेच म्हणावे लागेल.

फॉसेट यांच्यापुढे प्रश्न होता तो जमीन कुणाची, याचा. त्याचे उत्तर त्यांच्या पिढीने दिले. आपल्या पिढीपुढचा प्रश्न थोडा पुढचा आहे: त्या जमिनीजवळ रात्री झोपायला कुणाला मिळेल? कारण हक्क नोंदवहीत वाचतो, कायद्याच्या पुस्तकात वाचतो. पण जगतो तो पहाटे उठून दार उघडणाऱ्या माणसाबरोबर. ते दार रानाकाठी असले पाहिजे.